विश्लेषण : ‘जी’ म्हणजे सोने, पण किती कसाचे? जुना मीडियम फॉरमॅट कॅमेरा घेताना कोणते मॉडेल निवडावे?

सोन्याचा कस ओळखणाऱ्यांचे गाव म्हणून विट्याची देशभर ओळख आहे. खानापूर, आटपाडी आणि शेजारच्या दुष्काळी तालुक्यांतील माणसे गलाईच्या व्यवसायासाठी पिढ्यान्‌पिढ्या बाहेर पडली. सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याचे काम त्यांनी उत्तरेपासून दक्षिणेपर्यंतच्या सराफ बाजारांत उभे केले. अशा गावात सध्या काही तरुण छायाचित्रकारांना जुन्या फिल्म कॅमेऱ्यांची ओढ लागली असेल, तर त्यांच्यासमोरचा पहिला प्रश्नही सोन्याशीच जोडलेला आहे. याशिका मॅट-१२४ आणि मॅट-१२४जी हे दोन कॅमेरे शेजारी ठेवले, तर ‘जी’वाल्याला बाजारात जास्त भाव मिळतो. हा ‘जी’ म्हणजे ‘गोल्ड’. या कॅमेऱ्यात सोने नेमके कुठे आहे, किती आहे आणि आज त्याचा उपयोग काय, हे तपासले तर जुना मीडियम फॉरमॅट कॅमेरा कसा निवडावा, याचे बरेचसे उत्तर मिळते.

मीडियम फॉरमॅट म्हणजे काय?

फिल्मच्या काळात बहुतेक घरगुती कॅमेरे ३५ मिमी फिल्मवर चालत. तिच्यावरील एका चित्राचे माप २४ बाय ३६ मिमी, म्हणजे ८६४ चौरस मिमी. मीडियम फॉरमॅट कॅमेरे ‘१२०’ या क्रमांकाच्या रुंद रोलवर चालतात. कोडॅक कंपनीने १९०१ मध्ये आणलेला हा रोल सव्वाशे वर्षांनंतरही बनतो आणि विकला जातो. त्यावर चौकोनी, म्हणजे ‘सहा बाय सहा’ सेंमी म्हणून ओळखले जाणारे चित्र घेतले, तर प्रत्यक्ष माप साधारण ५६ बाय ५६ मिमी भरते. क्षेत्रफळ ३,१३६ चौरस मिमी, म्हणजे ३५ मिमीच्या साडेतीन पटींहून अधिक. ‘सहा बाय सात’मध्ये ते सुमारे साडेचार पट होते आणि ‘सहा बाय साडेचार’मध्ये पावणेतीन पटींच्या आसपास.

निगेटिव्ह मोठी असली की ती कमी पटीने मोठी करावी लागते. दाणे कमी दिसतात, चेहऱ्यावरचा उजेड-सावलीचा उतार मऊ येतो आणि भिंतीवर लावण्याएवढे मोठे चित्र काढले तरी फाटत नाही. त्याची किंमत म्हणजे चित्रांची संख्या. १२० च्या एका रोलवर सहा बाय सहाची १२, सहा बाय सातची १० आणि सहा बाय साडेचारची १५ किंवा १६ चित्रे बसतात. ज्याने मोबाइलवर एका हळदीत ८०० फोटो काढले आहेत, त्याला १२ चित्रांची शिस्त पाळता येईल का, हा मॉडेल निवडण्याच्याही आधीचा प्रश्न आहे.

हे कॅमेरे गावोगावी कसे पोहोचले?

एकावर एक दोन लेन्स असलेला, वरून पोटाशी धरून पाहायचा कॅमेरा जुन्या स्टुडिओत गेलेल्या प्रत्येकाला आठवतो. वरच्या लेन्समधून पाहायचे, खालच्या लेन्समधून चित्र घ्यायचे. जर्मनीतील फ्रांके अँड हायडेके कंपनीने १९२९ मध्ये रोलायफ्लेक्स आणून हा प्रकार जगभर रुजवला. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेल्या आणि देशातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून गौरवल्या गेलेल्या होमाई व्यारावाला यांच्या हातातही रोलायफ्लेक्स असे. पण तो कॅमेरा महाग होता. जपानी याशिकाने तोच प्रकार स्वस्तात दिला आणि भारतातील लहान गावांच्या स्टुडिओंना तो परवडला.

हौशी माणसासाठी बडोद्यात तयार होणारा आगफा क्लिक-३ होता. साधी लेन्स आणि १२० च्याच रोलवर १२ चौकोनी चित्रे. फिल्मही देशातच बनत असे. १९६० मध्ये स्थापन झालेल्या उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्स या सरकारी कंपनीचा ‘इंदू’ हा ब्रँड अनेक डार्करूममध्ये होता. ती कंपनी आता बंद पडली आहे. रंगीत ३५ मिमी आणि नंतर डिजिटल आल्यावर स्टुडिओतले हे ‘डबल लेन्स’ कॅमेरे कपाटात गेले. आज जुन्या बाजारात येतात ते बहुतांश याच कपाटांतून.

याशिकाच्या मॉडेलांत नेमका फरक काय?

नावे बरीच असली तरी गट सोपे आहेत. सर्वांत साध्या गटात याशिका-डी आणि ६३५ येतात. दोन्ही १९५८ मध्ये आले. यांत रोल पुढे सरकवायला गोल बटण फिरवावे लागते आणि शटर वेगळे चढवावे लागते. विसरले की चित्र कोरे जाते, दोनदा चढवले की एकावर एक दोन चित्रे येतात. ६३५ मध्ये खास जोडणी लावून ३५ मिमी फिल्मही वापरता येत असे. डीच्या सुरुवातीच्या कॅमेऱ्यांत तीन काचांची याशिकॉर लेन्स होती, नंतरच्यांत चार काचांची याशिनॉन आली. म्हणून ‘डी’ घेताना नावापेक्षा लेन्सच्या कडेवरचा शब्द वाचणे महत्त्वाचे.

दुसरा गट ‘मॅट’चा. १९५७ मध्ये आलेल्या याशिका-मॅटमध्ये बाजूची दांडी फिरवली की रोल पुढे सरकतो आणि शटरही चढते. पुढे याच सांगाड्यावर उजेड मोजण्याचे मीटर बसवत वेगवेगळी मॉडेल निघाली. एलएम आणि ईएममध्ये बॅटरीशिवाय चालणारे सेलेनियमचे मीटर होते. १९६८ चा मॅट-१२४ बॅटरीवरच्या मीटरसह आला आणि त्यात १२० सोबत दुप्पट लांबीचा २२० चा रोलही चालू लागला. १९७० च्या सुमारास १२४जी आला आणि १९८६ पर्यंत बनत राहिला.

आता फरकाचा हिशेब. १२४ आणि १२४जी या दोघांची चित्र घेणारी लेन्स एकच : ८० मिमी, एफ ३.५, चार काचांची याशिनॉन. दोघांचे शटर १ सेकंद ते १/५०० सेकंद चालते. जीचे रूप अधिक काळे आहे आणि त्याच्या मीटरच्या विद्युत जोडण्यांवर सोन्याचा मुलामा आहे. गंज धरू नये आणि संपर्क नीट राहावा, यासाठी तो दिला होता. ‘जी’चे सोने ते एवढेच.

मग ‘जी’साठी जास्त पैसे मोजावेत का?

केवळ त्या अक्षरासाठी मोजू नयेत. कारण साधे आहे. सोने ज्या मीटरच्या जोडणीवर आहे, ते मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या बॅटरीवर चालण्यासाठी बनवले होते. पाऱ्याच्या विषारीपणामुळे अशा बॅटऱ्या जगभरात बंद झाल्या. त्या मापाची साधी अल्कलाइन बॅटरी घातली तर तिचा दाब १.५ व्होल्ट असतो. मीटरला उजेड आहे त्यापेक्षा जास्त वाटतो आणि चित्र काळसर येते. कानाच्या यंत्रासाठी मिळणारी ६७५ क्रमांकाची झिंक-एअर बॅटरी सुमारे १.४ व्होल्ट देते. ती आकाराने लहान असल्याने भोवती कडे बसवून वापरता येते, पण वेष्टन काढल्यावर फार टिकत नाही. शिवाय मीटरमधील प्रकाशसंवेदी घटक पन्नास वर्षांचा झालेला असतो. काटा हलतो म्हणजे मीटर बरोबर आहे, असे नव्हे.

दुसरा गुण २२० च्या रोलचा. तो रोल मोठ्या कंपन्यांनी केव्हाच बंद केला. म्हणजे १२४ मालिकेने जुन्या मॅटवर ज्या दोन गोष्टींची भर घातली, त्या दोन्हींचा आजच्या खरेदीदाराला फारसा उपयोग नाही. नंतरच्या मॉडेलांत पाहण्याची वरची लेन्स एफ २.८ ची, म्हणजे थोडी उजळ आहे. हा फायदा खरा आहे, पण लहान.

उलट बाजूही मांडायला हवी. जी सर्वांत उशिरापर्यंत बनला, त्यामुळे त्याचे वय कमी असण्याची शक्यता जास्त. चार-पाच दशके व्यवस्थित ठेवलेला, शटर ठणठणीत असलेला जी योग्य भावात मिळाला तर तो जरूर घ्यावा. पण तो घ्यायचा त्याच्या प्रकृतीसाठी. मीटरविना असलेला, सर्व्हिसिंग झालेला साधा याशिका-मॅट आणि धूळ खात पडलेला १२४जी यांत पहिला अधिक चांगला. उजेड मोजण्याचे काम मोबाइलमधले मोफत अ‍ॅप करते. भर उन्हात तर तेही लागत नाही : छिद्र एफ १६ वर ठेवायचे आणि शटर फिल्मच्या वेगाइतके. १०० च्या फिल्मला १/१२५, ४०० च्या फिल्मला १/५००. विट्याच्या मार्च-एप्रिलच्या उन्हात हा नियम फारसा दगा देत नाही.

हॅसलब्लाड आणि मामियाचे काय?

ज्यांचे बजेट मोठे आहे, त्यांच्यासमोर स्वीडनचा हॅसलब्लाड आणि जपानचा मामिया हे पर्याय असतात. हॅसलब्लाडचे ५००सी हे मॉडेल १९५७ चे. १९६२ मध्ये अमेरिकी अंतराळवीर वॉल्टर शिरा यांनी ह्यूस्टनच्या दुकानातून घेतलेला ५००सी अंतराळात नेला आणि पुढे हे नाव चंद्रापर्यंत पोहोचले. १९७० च्या ५००सी/एममध्ये फोकसिंगची काच वापरणाऱ्याला स्वतः बदलता येऊ लागली. १९८८ च्या ५०३सीएक्समध्ये फिल्मवर पडणारा फ्लॅशचा उजेड मोजण्याची सोय आली. १९९६ चा ५०३सीडब्ल्यू या कुटुंबातील शेवटच्या मॉडेलांपैकी एक आणि भावानेही वरचा. मात्र निगेटिव्हवरील चित्र शरीरामुळे बदलत नाही. तीच लेन्स चारही शरीरांवर लावली तर चारही निगेटिव्ह सारख्याच येतील.

इथे पैसे शरीराऐवजी लेन्सवर घालावेत, कारण शटर लेन्समध्येच असते. जुन्या ‘सी’ मालिकेच्या लेन्समधील कॉम्पूर शटरचे सुटे भाग मिळणे अवघड झाले आहे. १९८२ पासूनच्या ‘सीएफ’ मालिकेतील प्रॉन्टर शटर त्या मानाने दुरुस्तीला सोपे. म्हणून ५००सी/एमचे शरीर आणि सीएफ लेन्स ही जोडी, नव्या शरीरावर जुनी थकलेली लेन्स लावण्यापेक्षा शहाणपणाची.

फिल्मची पेटीही पाहावी. पेटी आणि तिच्या आतील सरकता भाग यांवर एकच क्रमांक असायला हवा. क्रमांक वेगळे असतील तर दोन मोडक्या पेट्यांतून एक जुळवलेली असू शकते. कॅमेऱ्याचे वय सांगणारी अक्षरेही शरीरावर असतात. व्ही, एच, पी, आय, सी, टी, यू, आर, ई, एस ही अक्षरे अनुक्रमे १ ते ९ आणि ० दर्शवतात. क्रमांकाची सुरुवात ‘यूसी’ने झाली असेल तर कॅमेरा १९७५ चा. विकणारा ‘नव्वदचा आहे’ म्हणाला, तरी अक्षरे खोटे बोलत नाहीत.

मामिया आरबी-६७ हा स्टुडिओचा बैल म्हणावा असा कॅमेरा आहे. १९७० चे पहिले मॉडेल, १९७४ चे प्रो-एस आणि १९९० चे प्रो-एसडी. बॅटरी लागत नाही, मागची पेटी फिरवून उभे-आडवे चित्र घेता येते, भात्यावर फोकस होत असल्याने दागिन्यांच्या जवळून घेतलेल्या चित्रांना सोयीचा. प्रो-एसमध्ये चुकून एकावर एक चित्र येऊ नये यासाठीच्या अटकावण्या वाढल्या, त्यामुळे नवशिक्यासाठी पहिल्यापेक्षा प्रो-एस बरा. पण याचे वजन तिवईवरच शोभते. रेणावीच्या रेवणसिद्ध यात्रेत तो गळ्यात घालून फिरण्याचा बेत असेल तर मान आधी विचारात घ्यावी.

मामियाचीच ६४५ मालिका हलकी आहे. मात्र तिचे शटर बॅटरीवर चालते आणि आतील जुने सर्किट बंद पडले तर ते बदलण्यासाठी दुसरा कॅमेराच मोडावा लागतो. यातून एक सूत्र निघते : यांत्रिक कॅमेऱ्यात मॉडेलपेक्षा प्रकृती महत्त्वाची; विजेवर चालणाऱ्या कॅमेऱ्यात मॉडेलचे वयही तेवढेच महत्त्वाचे.

डिजिटल मीडियम फॉरमॅट घेणे शहाणपणाचे नाही का?

लग्नसराईवर पोट असलेल्याने हा प्रश्न आधी विचारावा. फूजीफिल्मचे जीएफएक्स ५०एस (२०१७), ५०आर (२०१८) आणि ५०एस-२ (२०२१) आता जुन्या बाजारातही येऊ लागले आहेत. तिघांचे रिझोल्यूशन सुमारे ५.१४ कोटी पिक्सेल आणि सेन्सर ४३.८ बाय ३२.९ मिमीचा. क्षेत्रफळ सुमारे १,४४० चौरस मिमी, म्हणजे फुल फ्रेमच्या पावणेदोन पटींपेक्षाही थोडे कमी. ‘मीडियम फॉरमॅट’ हे नाव तेच असले, तरी सहा बाय सहाच्या फिल्मच्या निम्म्यापेक्षा हा सेन्सर लहान आहे.

या तिघांत फरक चित्राचा नसून वापराचा आहे. ५०एस-२ मध्ये सेन्सर स्थिर ठेवण्याची यंत्रणा आहे, त्यामुळे हातात धरून संध्याकाळच्या उजेडात काम करणाऱ्याला तोच सोयीचा. पण तिन्ही कॅमेऱ्यांचा ऑटोफोकस संथ आहे आणि फ्लॅश १/१२५ सेकंदापर्यंतच सरळ जुळतो. वरातीत नाचणारी माणसे टिपायला हे कॅमेरे नाहीत. जलद फोकस हवा तर २०२१ च्या १०० एसकडे जावे लागते आणि मग लेन्स, संगणक, साठवण असा सगळाच खर्च वाढतो. व्यवसायाच्या कमाईतून हा कॅमेरा घेण्यापेक्षा चांगला फुल फ्रेम कॅमेरा आणि दोन उत्तम लेन्स घेणे बहुतेकांना परवडते. कर्ज काढून केवळ मोठ्या सेन्सरच्या प्रतिष्ठेसाठी हा उपद्व्याप करू नये.

गंमत म्हणजे फ्लॅशच्या बाबतीत जुना याशिका पुढे आहे. त्याचे शटर लेन्सच्या मध्यभागी असल्याने फ्लॅश १/५०० सेकंदालाही जुळतो. भर दुपारी चेहऱ्यावरची सावली फ्लॅशने भरायची असेल, तर हा गुण मोठा आहे.

पाहणी करताना काय तपासावे?

फोटो पाहून पैसे पाठवू नयेत, हा पहिला नियम. या बाबतीत विट्याच्या माणसाकडे एक सोय इतरांपेक्षा जास्त आहे. गलाईमुळे कुणाचा ना कुणाचा भाऊ, मेहुणा किंवा मामा मोठ्या शहरात असतोच. दिल्लीच्या चांदनी चौकातील किंवा मुंबईच्या बोरा बाजारातील दुकानात तो प्रत्यक्ष जाऊ शकतो. त्याला कॅमेऱ्यातले काही कळत नसले, तरी पुढची यादी देता येते.

पहिले शटर. १ सेकंदावर ठेवून ते दाबावे आणि मनात ‘एक हजार एक’ म्हणावे. पाते अडखळले किंवा उघडेच राहिले तर तेल घट्ट झाले आहे. सर्व्हिसिंगचा खर्च भावातून वजा करावा. सेल्फ टायमरची कळ मात्र ओढून पाहू नये. जुना टायमर मध्येच अडकला तर शटरही अडकून बसते.

दुसरी लेन्स. मागचे झाकण उघडून, छिद्र पूर्ण उघडे ठेवून, लेन्समधून मोबाइलचा टॉर्च पाहावा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी. दुधाळ पडदा म्हणजे आतली वाफ किंवा तेल. किनारपट्टीच्या दमट हवेत राहिलेल्या कॅमेऱ्यात बुरशीची भीती अधिक. माणदेशाच्या कोरड्या हवेत ती कमी, पण चामड्याच्या पेटीत घालून बंद कपाटात वर्षानुवर्षे ठेवलेला कॅमेरा कुठलाही असो, त्यावर विश्वास ठेवू नये. धुळीचे एक-दोन कण मात्र चित्रात दिसत नाहीत, त्यासाठी सौदा मोडू नये.

तिसरी गोष्ट दोन लेन्सची जुळणी. पाहण्याच्या लेन्समध्ये दूरचा मोबाइल मनोरा स्पष्ट दिसतो, तेव्हा फोकसचे बटण अनंताच्या खुणेवर असायला हवे. मग मागे फिल्मच्या जागी घासलेली काच किंवा बटर पेपर ताणून धरावा आणि खालच्या लेन्सचे चित्रही तेवढेच स्पष्ट आहे का, हे पाहावे. दोन लेन्स जुळत नसतील तर पाहताना सगळे छान आणि निगेटिव्ह पुसट, असा प्रकार होतो. कॅमेरा पडलेला असल्याची ही हमखास खूण.

चौथे, रोल सरकवणारी दांडी. एक वाया गेलेला रोल सोबत न्यावा आणि बारा वेळा सरकवून प्रत्येक वेळी दांडी योग्य ठिकाणी थांबते का, हे पाहावे. शेवटी एक ताजा रोल घालून, धुऊन, मगच व्यवहार पक्का करण्याची अट घालावी. ही अट मान्य न करणाऱ्याकडून घेऊ नये, मग कॅमेऱ्यावर कोणतेही अक्षर असो.

चालवण्याचा खर्च किती?

कॅमेऱ्याची किंमत एकदाच द्यावी लागते, रोलची प्रत्येक वेळी. हिशेब सोपा आहे. समजा रोल, टपाल, धुलाई आणि स्कॅन मिळून १,८०० रुपये झाले, तर १२ चित्रांत प्रत्येकी १५० रुपये. महिन्याला दोन रोल म्हणजे वर्षाला ४३,२०० रुपये. हा आकडा गृहीत धरलेला आहे, पण प्रत्येकाने आपल्या भावाने असाच हिशेब कॅमेरा घेण्याआधी मांडावा. एका मॉडेलमधून दुसऱ्यात वाचवलेले पैसे रोलवर गेले तर छायाचित्रकार शिकतो, अक्षरावर गेले तर कपाट शोभते.

काळी-पांढरी फिल्म घरी धुता येते आणि तिथे खर्च बराच खाली येतो. एक टाकी, डेव्हलपर, हायपो आणि अंधारी खोली एवढ्यावर काम भागते. रसायनांचे वेळापत्रक बहुधा २० अंश सेल्सिअसचे असते. उन्हाळ्यात विट्यातल्या नळाचे पाणी त्याहून कितीतरी गरम असते, तेव्हा बर्फाने भांडे थंड करावे किंवा वेळ तक्त्याप्रमाणे कमी करावी. रंगीत फिल्मला मात्र नेमके तापमान लागते, ती मोठ्या शहरातील लॅबकडे पाठवणेच बरे.

सर्वांत मोठा छुपा खर्च दुरुस्तीचा. याशिका कंपनी १९८३ मध्ये क्योसेरामध्ये विलीन झाली आणि क्योसेराने २००५ मध्ये कॅमेऱ्यांचा व्यवसाय सोडला. कंपनीकडून सुटे भाग मिळण्याचा प्रश्नच उरलेला नाही. हे शटर उघडून पुन्हा बसवू शकणारे कारागीर वयस्क होत आहेत. म्हणून कोणते मॉडेल घ्यावे, यापेक्षा कोण दुरुस्त करून देईल, हे आधी विचारावे. ज्याचा मेकॅनिक ओळखीचा आहे, तो कॅमेरा चांगला.

विकणाऱ्याचे आणि निगेटिव्हचे काय?

या व्यवहारात एक बाजू नेहमी गप्प असते. बंद पडलेल्या स्टुडिओचे कपाट आवरणाऱ्या घरच्यांना हॅसलब्लाड आणि आगफा क्लिक यांतला फरक ठाऊक नसतो. घेणाऱ्याला तो चांगलाच ठाऊक असतो. भंगाराच्या भावात मौल्यवान वस्तू उचलल्याचे किस्से हौशी मंडळींत कौतुकाने सांगितले जातात. ते कौतुकाचे नाहीत. गलाईच्या धंद्यात गिऱ्हाइकासमोर सोने गाळून त्याच्यासमोर कस सांगण्याला पत म्हणतात. जुन्या कॅमेऱ्याच्या सौद्यातही तीच पत असायला हवी. कॅमेरा काय आहे, बाजारात त्याला काय भाव आहे आणि त्यात काय बिघाड आहे, हे तिन्ही सांगून घासाघीस करावी. स्वस्तात मिळणे वेगळे आणि न सांगता मिळवणे वेगळे.

कॅमेऱ्यापेक्षा अनमोल वस्तू अनेकदा त्याच कपाटाच्या खालच्या कप्प्यात असते : निगेटिव्हचे डबे. काळ्या-पांढऱ्या निगेटिव्हवरील प्रतिमा ही धातुरूप चांदीची असते. धुलाईनंतर उरलेल्या हायपोतही चांदी उतरते आणि ती काढता येते. चांदी ओळखणाऱ्या मुलखात हे सांगण्याची गरज नाही. पण एका निगेटिव्हमधली चांदी नगण्य असते आणि ती जाळली की सोबत गावातील एका कुटुंबाचा कदाचित एकमेव फोटो जातो. परगावी गलाईला निघालेल्या मुलाने जाण्याआधी आई-वडिलांसोबत काढून घेतलेला फोटो असाच कुठल्यातरी डब्यात असू शकतो. असे डबे भंगारात न घालता पाकिटांवरच्या नावा-तारखांसह जपावेत, शक्य तर स्कॅन करून त्या घरांना परत द्यावेत.

मात्र निगेटिव्ह हाती आली म्हणून ती समाजमाध्यमांवर टाकण्याची मोकळीक मिळत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, वेगळा करार नसेल तर, मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला हक्कदार ते काढून घेणारा असतो. कायदा बाजूला ठेवला तरी कुणाच्या आजीचा चेहरा परवानगीशिवाय ‘व्हिंटेज’ म्हणून मिरवणे योग्य नाही.

मग निवड कोणती?

शिकण्यासाठी आणि माणसांची चित्रे काढण्यासाठी पहिला मीडियम फॉरमॅट कॅमेरा घ्यायचा असेल, तर चार काचांची लेन्स असलेला कोणताही याशिका-मॅट पुरेसा आहे. १२४ की १२४जी, या वादात न पडता दोन्हींपैकी ज्याचे शटर नीट, लेन्स स्वच्छ आणि जुळणी बरोबर, तो घ्यावा. दोन्ही सारखेच असतील तर स्वस्त असलेला घ्यावा आणि वाचलेल्या पैशांचे रोल. पैसे अगदीच कमी असतील तर याशिनॉन लेन्सचा ‘डी’. स्टुडिओत तिवईवर काम करायचे असेल तर आरबी-६७ प्रो-एस. हॅसलब्लाडचा हट्ट असेल तर साधे शरीर आणि चांगली लेन्स. लग्नाच्या कमाईसाठी यांपैकी एकही नाही.

सराफाच्या पेढीवर दागिन्यावरचा शिक्का पाहून गिऱ्हाईक खूश होते. गलाईवाला शिक्का पाहत नाही, तो मुशीत घालून पाहतो. जुन्या कॅमेऱ्याची मूस म्हणजे एक रोल. बारा चित्रे काढून, धुऊन, उजेडासमोर धरून पाहिली की त्याचा कस कळतो. त्याआधी ‘जी’ या अक्षराला सोन्याचा भाव देण्याचे कारण नाही, आणि विट्यात तर नाहीच नाही.